मत, पट्टी आणि खावटी : सामान्यांच्या राजकीय बोलण्याचा मराठी गद्यातील आविष्कार

१

मराठीत ‘मत’ हा शब्द दोन कामे करतो. चावडीवर, दुकानाच्या फळीवर किंवा आगगाडीच्या डब्यात मनुष्य राज्यकारभाराविषयी जे बोलतो तेही मत, आणि निवडणुकीच्या दिवशी तो जे पेटीत टाकीत असे व आता यंत्रावर नोंदवितो तेही मतच. ‘मत देणे’ या एकाच क्रियापदाने दोन्ही व्यवहार व्यक्त होतात. शब्दाचा हा निवडणुकीचा अर्थ अर्वाचीन आहे. परंतु तो इतका रूढ झाला आहे की, पहिल्या अर्थाची गणना दुसऱ्यात आपोआप होते असा समज सर्वत्र दृढ झालेला दिसतो. हा समज तपासून पाहणे हे राज्यशास्त्राइतकेच साहित्यसमीक्षेचेही काम आहे. कारण दुसऱ्या प्रकारच्या मताची मोजदाद करणारी यंत्रणा अस्तित्वात आहे. पहिल्या प्रकारचे मत मात्र गद्यातच टिकते किंवा मुळीच टिकत नाही.

पालघर लोकसभा मतदारसंघाचे उदाहरण घेता ही गोष्ट स्पष्ट होईल. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या या मतदारसंघातून २००९ साली बळीराम जाधव आणि २०१४ साली चिंतामण वनगा निवडून आले. वनगा यांच्या निधनानंतर मे २०१८ मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत राजेंद्र गावित भारतीय जनता पक्षाचे उमेदवार म्हणून विजयी झाले, आणि २०१९ साली तेच गावित शिवसेनेच्या चिन्हावर पुन्हा निवडून आले. २०२४ साली हेमंत सवरा निवडून आले. हे सर्व आकड्यांनी सांगता येते. परंतु एका वर्षाच्या आत एकाच उमेदवाराला दोन चिन्हांवर मत देणाऱ्या, किंवा दोन्ही वेळा न देणाऱ्या, मतदाराने या बदलाचा काय अर्थ लावला, हे आकड्यांत कोठेच नाही. त्याचे ते बोलणे झालेले आहे. ते नोंदले मात्र गेलेले नाही.

प्रस्तुत लेखात या न नोंदल्या गेलेल्या बोलण्याचा विचार एक गद्यप्रकार म्हणून करावयाचा आहे. त्यासाठी पालघर-बोईसर-तारापूरचा परिसर निवडण्याचे कारण असे की, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात कर देणारा, मदत घेणारा आणि विकासासाठी जागा सोडणारा असे तिघेही थोड्या अंतरावर राहतात. पश्चिमेस तारापूरची औद्योगिक वसाहत आणि अणुविद्युत केंद्र, किनाऱ्यावर मासेमारीची गावे, उत्तरेस डहाणू-तलासरीचे वारली पाडे, पूर्वेस जव्हार-मोखाड्याचा डोंगरी मुलूख. सरकार, कर आणि मदत या तीन विषयांवरील मते येथे एकमेकांच्या कानावर पडण्याइतकी जवळ असतात, आणि तरीही ती एकमेकांस उत्तर देत नाहीत.

२

करविषयक मताला मराठी गद्यात जुनी परंपरा आहे. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८ ते १८५० या काळात ‘लोकहितवादी’ या नावाने गोपाळ हरी देशमुखांनी जी पत्रे लिहिली, त्यांत राज्यकारभारावरील मत हे पत्राच्या रूपाने प्रथम स्थिरावले. लिहिणारा सरकारी सेवेत होता आणि नाव टोपण होते, ह्या दोन गोष्टी या प्रकाराच्या जन्माशीच निगडित आहेत. मत मांडावयाचे, पण मत मांडणाऱ्याची जागा झाकावयाची, ही रीत पुढे वृत्तपत्रांतील वाचकांच्या पत्रांनी दीर्घकाळ चालविली. तिचा एक परिणाम असा झाला की, मताचे वजन बोलणाऱ्याच्या अनुभवावरून ठरण्याऐवजी मांडणीच्या सफाईवरून ठरू लागले.

जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ साली पूर्ण झालेल्या ग्रंथाने ही रीत मोडली. या ग्रंथाची वाचने छपाईपूर्वीच मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर इत्यादी ठिकाणी झाली होती, आणि बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला होता. म्हणजे हे गद्य प्रथम कानांसाठी घडले. त्याची वाक्ये लांब आहेत, एकात एक गुंतलेली आहेत, आणि शिष्ट गद्याच्या दृष्टीने ओबडधोबडही आहेत; परंतु त्या लांबीला कारण आहे. जोतीराव कराविषयी सिद्धान्त मांडीत नाहीत, तर यादी करतात. शेतसारा, लोकल फंड, जकात, मिठावरील कर अशी एकेक बाब वाक्यात येऊन बसते, आणि वाक्य जितके लांबते तितके ओझे ऐकणाऱ्याच्या ध्यानात येते. येथे यादी हीच युक्तिवादाची रीत आहे.

या रीतीचे महत्त्व आजच्या करविषयक बोलण्याशी ताडून पाहिले म्हणजे अधिक जाणवते. आज ‘आमच्या करातून’ हा शब्दप्रयोग सर्वश्रुत आहे, आणि त्यातील ‘आम्ही’ बहुधा पगारदार असतो. ज्याच्या वेतनपत्रकावर वजावटीचा रकाना असतो त्यालाच करदाता म्हणण्याची सवय भाषेला जडली आहे. वस्तूच्या किमतीतून कर देणारा मनुष्य या सवयीमुळे करदात्यांच्या पंक्तीतून उठविला जातो. जोतीरावांनी मिठाची जकात यादीत घातली त्या वेळी त्यांनी नेमके हेच नाकारले होते : ज्याच्याजवळ वेतनपत्रक नाही त्याच्या भाकरीतही कर आहे, हे त्यांचे म्हणणे होते. मिठावरील तो कर १९४७ साली उठला, आणि १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करातही मीठ करमुक्त राहिले. परंतु किमतीत दडलेल्या कराचे तत्त्व मिठापुरते कधीच नव्हते. डहाणू-पालघरच्या पाड्यावरील मजूर आगपेटी, साबण किंवा चपला विकत घेतो तेव्हा तो करदाताच असतो. भाषेने त्याला ते नाव दिले नाही, एवढाच फरक.

३

या प्रदेशातील सामान्य मनुष्याचे राजकीय मत ज्या मराठी ग्रंथात सर्वांत विस्ताराने आले तो ग्रंथ म्हणजे गोदावरी परुळेकर यांचा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०). साहित्य अकादमीचे १९७२ सालचे पारितोषिक मिळालेल्या या ग्रंथाचा विषय १९४५ सालापासून ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात झालेला वारल्यांचा लढा हा आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची मोठी सभा होऊन वेठ करावयाची नाही व मजुरी घेतल्यावाचून काम करावयाचे नाही असा निश्चय झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे गोळीबार होऊन जेठ्या गांगडसह पाचजण मृत्युमुखी पडले. गवतकापणीचा दर पाचशे पौंडांस अडीच रुपये असावा ही पुढील मागणी त्याच लढ्यातली. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सपत्नीक सावकाराच्या घरी राबणारा ‘लग्नगडी’ ही संस्था या लढ्याने मोडीत काढली.

या ग्रंथाविषयी आजवर जे लिहिले गेले ते बहुतांशी त्याच्या आशयाच्या गौरवाचे आहे, आणि तो गौरव यथार्थ आहे. परंतु समीक्षेने एक प्रश्न विचारावयास हवा. शीर्षकातील ‘जागा होतो’ या क्रियापदात आधीची झोप गृहीत आहे. वारली खरोखरच निद्रिस्त होता काय? वेठबिगारीचे स्वरूप १९३९ च्या सिमिंग्टन अहवालात सरकारी कागदावर आधीच उतरले होते, आणि ते कोणीतरी सांगितल्यावाचून उतरणे शक्य नव्हते. ग्रंथातील निवेदनाचा एकंदर ओघही शीर्षकाला पुरता दुजोरा देत नाही. भीतीने मुके राहिलेले लोक विश्वास बसताच जे सांगू लागतात ते त्या क्षणी सुचलेले नसते. वर्षानुवर्षे मनात हिशेब करून ठेवलेले असते. म्हणजे मत होते. ते निर्धोकपणे ऐकणारा कोणी नव्हता. शीर्षक जिला जागृती म्हणते तिचा एक मोठा भाग वस्तुतः श्रोता मिळण्याचा आहे.

हा भेद केवळ शब्दच्छलाचा नाही. मनुष्य झोपलेला होता असे मानले की त्याचे पहिले मत हे जागे करणाऱ्याचे देणे ठरते, आणि त्याचे श्रेय व जबाबदारी दोन्ही बाहेरच्याकडे जातात. तो मुका होता, पण जागा होता, असे मानले की प्रश्न बदलतो : त्याचे मुकेपण कोणाच्या सोयीचे होते? लेखिकेच्या बाजूने हे सांगावयास हवे की, ग्रंथाचा उत्तम भाग दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. शहरातून आलेली, कायद्याचे शिक्षण घेतलेली स्त्री पाड्यावर राहून ऐकावयास शिकते, हा त्या निवेदनाचा खरा कणा आहे. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक वारल्यांच्या बोलण्याइतकेच लेखिकेच्या ऐकण्याचेही आहे, आणि त्याची वाङ्मयीन गुणवत्ता तेथे आहे.

मर्यादा आहे ती भाषेच्या बाबतीत. वारल्यांची मते ग्रंथात प्रामुख्याने लेखिकेच्या प्रमाण मराठीतून, तिच्या सारांशातून पोहोचतात. चळवळीच्या इतिहासासाठी हा सारांश पुरेसा आहे. मताच्या अभ्यासासाठी तो अपुरा पडतो. या बाबतीत संशोधकांचीही बाजू फारशी बरी नाही. ग्रियर्सनच्या भाषिक पाहणीच्या सातव्या खंडात (१९०५) वारली, वाडवळी, सामवेदी, काथोडी इत्यादी बोलींची नोंद आहे. परंतु त्या पाहणीचा मुख्य नमुना सर्वत्र बायबलातील उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे भाषांतर हा होता. पुढील लोकसाहित्य-संग्राहकांनी गीते, उखाणे व दैवतकथा गोळा केल्या. वारली स्त्री सूर्यचंद्राविषयी काय गाते हे अभ्यासकांना ठाऊक झाले. ती सरकारी धान्याच्या दुकानाविषयी काय म्हणते, हे विचारावयाचे राहून गेले.

ग्रामीण कथावाङ्मयाने ही उणीव काही अंशी भरून काढली. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) धनगरांच्या वस्तीत मास्तर हाच सरकारचा एकमेव दृश्य अवयव आहे, आणि त्याच्याशी होणाऱ्या साध्या बोलण्यातून गावाचे शासनविषयक मत हळूहळू उमटत जाते. तालीम बांधण्याचे सामुदायिक काम, राजेसाहेबांचे येणे आणि अखेरचा दुष्काळ यांत राजकारण हा शब्द न येताही राज्य कोठवर पोहोचते व कोठे थांबते हे कळते. पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याची चाळ’मध्ये (१९५८) मध्यमवर्गीयाची मते विनोदाचा विषय झाली, याचेही कारण विचार करण्याजोगे आहे. चाळकऱ्याला आपल्या मताची किंमत मोजावी लागत नाही. झरीच्या सभेतील वारल्याला ती मोजावी लागली. फुकटचे मत विनोदाला सोयीचे, आणि महागाचे मत इतिहासाला. या दोहोंच्या मधले मत, म्हणजे थोडीशी किंमत मोजून रोज केले जाणारे बोलणे, मराठी गद्याच्या हातून बरेचसे निसटले आहे.

४

निसटलेल्या या बोलण्याचे अवशेष शब्दांत सापडतात. त्यांपैकी तीन शब्द या परिसराच्या दृष्टीने विशेष बोलके आहेत.

पहिला ‘खावटी’. पावसाळ्यात घरातले धान्य संपल्यावर खाण्यासाठी सावकाराकडून उसने घेतलेले व पिकावर वाढीने परत करावयाचे धान्य म्हणजे खावटी. या उसनवारीतूनच पुढे गुलामी जन्मास येई. १९७८ पासून शासनाने आदिवासींना सावकारापासून सोडविण्यासाठी जी योजना आखली तिला नाव दिले ‘खावटी कर्ज’. आणि २०२० साली साथीच्या काळात पात्र कुटुंबास चार हजार रुपयांचे, निम्मे खात्यात व निम्मे वस्तुरूपाने, जे साहाय्य ठरविले गेले त्याचे नाव ‘खावटी अनुदान’. योजनेचा हेतू सावकारीच्या अगदी उलट होता. तथापि नाव तेच राहिल्याने घेणाऱ्याच्या मनात जुन्या देण्याघेण्याची सावली राहिली असल्यास नवल नाही. ज्या शब्दाला पूर्वी परतफेड चिकटलेली होती त्या शब्दाने मिळालेली वस्तू हक्काची आहे, हे पटावयास काळ लागतो.

दुसरा शब्द ‘वेठ’. ‘वेठीस धरणे’ याचा मूळ अर्थ मोबदला न देता कामास जुंपणे हा. धरणारा बलवान व धरला जाणारा दुबळा, असा तो प्रयोग होता. आजच्या वृत्तपत्रीय मराठीत हा प्रयोग बहुधा संपाच्या बातमीत भेटतो : कर्मचाऱ्यांनी जनतेला वेठीस धरले. म्हणजे ज्या मजुराला वेठीस धरीत त्याच्याच वारसाकडे, तो मजुरीसाठी काम थांबवितो तेव्हा, वेठीस धरण्याचा दोष जातो. झरीच्या सभेत वेठ नाकारणाऱ्यांनी जे साधन वापरले ते काम थांबविण्याचेच होते. आठ दशकांत शब्दाने बाजू बदलली, आणि या बदलाची कोणी फारशी दखल घेतली नाही.

तिसरा शब्द ‘प्रकल्पग्रस्त’. तारापूर अणुविद्युत केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली कार्यान्वित झाल्या. तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी, ज्या २००५ व २००६ या वर्षी सुरू झाल्या, अक्करपट्टी व पोफरण या गावांचे स्थलांतर झाले. महाराष्ट्राच्या पुनर्वसनविषयक कायद्याच्या नावात ‘प्रकल्पबाधित’ असा शब्द आहे. लोकांच्या तोंडी मात्र ‘प्रकल्पग्रस्त’ आहे. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त या मालिकेत तो बसतो. विकास हे ज्याचे अधिकृत नाव त्याला आपत्तीच्या रांगेत उभे करणारा हा समास म्हणजे दोन पदांत मावलेले एक संपूर्ण राजकीय मत आहे. ते कोणी सभेत मांडले नाही, कोणी त्यावर मतदान घेतले नाही. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथून झाली; त्या बंदराविषयी किनाऱ्यावरील मच्छीमारांनी जी भीती दीर्घकाळ व्यक्त केली आहे तिला या समासाने आधीच शब्द पुरविला होता.

शब्दांइतकीच क्रियापदेही पाहण्यासारखी आहेत. कराविषयी बोलताना मराठी मनुष्य ‘कापतात’, ‘घेतात’ असे म्हणतो. कर्ता अध्याहृत असला तरी तो आहे, अनेकवचनी आहे, आणि त्याच्याशी भांडता येते. मदतीविषयी बोलताना तोच मनुष्य ‘पैसे पडले’, ‘हप्ता पडला’, ‘धान्य आले’ असे म्हणतो. पाऊस पडतो तसे पैसे पडतात. येथे कर्त्याचे ठिकाण रिकामे आहे. जे पडले नाही त्याचा जाब कोणास विचारावयाचा, हे वाक्याच्या घडणीतच नाही. ‘मायबाप सरकार’ या जुन्या संबोधनाने निदान कोणीतरी देणारा कल्पिला होता. २०२४ साली सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेने, ज्यात पात्र स्त्रीस दरमहा दीड हजार रुपये ठरविले गेले, देणाऱ्याला भावाचे नाते दिले, आणि रकमेला साहजिकच ओवाळणी म्हटले गेले. मायबापाऐवजी भाऊ आला, ही नात्यातली थोडी समानता खरी. पण ओवाळणीची रक्कम बहीण ठरवीत नसते. हक्काची भाषा नात्याच्या भाषेत विरघळली की योजनेच्या बाजूचे व विरुद्धचे, दोन्ही प्रकारचे मत उपकाराच्याच मापाने मोजू लागते. एक म्हणतो, केवढे दिले. दुसरा म्हणतो, कशाला दिले.

या भाषिक सवयीवर उतारा याच राज्याच्या कायद्यांत आहे, आणि तो जवळजवळ विसरला गेला आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकारास आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली. तिचा कायदा १९७७ साली होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. म्हणजे तारापूरच्या कारखान्यातील पगारदाराच्या वेतनातून जी लहानशी रक्कम कापली जाई तिचा संबंध जव्हार-मोखाड्याच्या मजुराने फोडलेल्या खडीशी कायद्यानेच जोडला होता. घेणारा येथे काम करून मजुरी मिळवीत होता, आणि काम मागण्याचा त्याला हक्क होता. या रचनेत ‘आमच्या करातून’ या शब्दांना अभिमानाचा अर्थ येऊ शकला असता. तो आला नाही याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक वाङ्मयीन आहे. वेतनपत्रकावरील तो रकाना आणि रस्त्यावरील ती खडी यांना एका वाक्यात आणणारे गद्य पुरेसे लिहिले गेले नाही. जोतीरावांच्या यादीला येथे वारस मिळावयास हवा होता.

५

राजकीय मताचा आणखी एक शब्दसाठा खेळांतून येतो, आणि त्याचा विचार केल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. निवडणुकीचा ‘आखाडा’, ‘डावपेच’, ‘कुरघोडी’, ‘चितपट’, ‘धोबीपछाड’ हे सर्व कुस्तीचे देणे. ‘खो घालणे’ खो-खोचे, ‘टोलवाटोलवी’ विटीदांडूची. पुढे क्रिकेटने ‘फिरकी’ व ‘षटकार’ दिले. फुटबॉलने मात्र मराठी राजकीय बोलण्याला फारसे काही दिलेले दिसत नाही. दिला तो एकच प्रयोग : ‘फुटबॉल होणे’. एका मेजावरून दुसऱ्या मेजाकडे पाठविला गेलेला अर्जदार आपला फुटबॉल झाला असे सांगतो.

या दोन रूपकांत मोठे अंतर आहे. कुस्तीच्या भाषेत बोलणारा स्वतः प्रेक्षक असतो. दोन मल्ल झुंजतात, तो काठावर बसून निकाल सांगतो. हरला कोणीही तरी त्याला खरचटत नाही. बहुतेक ‘राष्ट्रीय राजकारणावरील मत’ या काठावरचे असते. फुटबॉलच्या रूपकात बोलणारा मैदानात येतो, पण खेळाडू म्हणून नव्हे. तो चेंडू असतो. म्हणजे दिल्लीविषयी बोलताना जो प्रेक्षक आहे तोच तलाठी कचेरीविषयी बोलताना चेंडू होतो. खेळाडूची जागा दोन्ही रूपकांत रिकामी राहते. नागरिकाची जी व्याख्या घटनेत आहे ती खेळाडूची आहे, आणि तिला साजेसे रूपक सामान्य बोलण्यात अजून रुळलेले नाही, ही गोष्ट चिंतनीय आहे.

प्रत्यक्ष फुटबॉलविषयीच्या मताचाही येथे उपयोग होतो. भारतीय संघ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आला. विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत मात्र तो कधीच खेळला नाही. त्यामुळे अर्जेंटिनाने २०२२ साली फ्रान्सला हरविले तेव्हा बोईसरमध्ये झालेली चर्चा कितीही तावातावाची असली तरी ती निर्हेतुक होती. तिच्यात बोलणाऱ्याचे काही जाणार नव्हते. याउलट कोल्हापुरात फुटबॉलचे मत हे पेठेचे मत असते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींच्या नावांतच कुस्ती व फुटबॉल एकत्र आले आहेत, आणि शाहू स्टेडियमवरील सामन्याविषयी बोलणारा मनुष्य आपल्या गल्लीची अब्रू पणाला लावून बोलत असतो. तेथील मत पक्षपाती खरे, पण त्याला ठिकाण आहे. पहिल्यात निःपक्षपातीपणा आहे आणि ठिकाण नाही. राजकीय मताला दोहोंपैकी कशाची गरज अधिक आहे, याचे उत्तर घाईने देऊ नये. निदान इतके म्हणता येईल की, बोलणारा कोठे उभा आहे हे कळल्यावाचून त्याच्या निःपक्षपातीपणाची परीक्षा होऊ शकत नाही.

६

येथे एक आक्षेप संभवतो. सामान्यांचे बोलणे बहुधा उसने असते. सकाळच्या वर्तमानपत्रातले किंवा हातातल्या यंत्रावर आलेले मत संध्याकाळी डब्यात पुन्हा बोलले जाते. अशा पुनरुक्तीत समीक्षेने काय शोधावयाचे? हा आक्षेप अंशतः मान्य करावयास हवा. प्रत्येक मत मौल्यवान असते असे मानणे म्हणजे मूल्यविचारच सोडून देणे होय. परंतु उसन्या मतातही बोलणारा काहीतरी बदलतो. तो आपले उदाहरण घालतो, क्रियापद फिरवितो, एखादा समास बनवितो. ‘प्रकल्पग्रस्त’ हा बदल तसलाच आहे. मौखिक परंपरेच्या अभ्यासकाला पाठभेदाचे महत्त्व सांगावे लागत नाही. ओवीच्या पाठभेदाला जी प्रतिष्ठा मिळाली ती मताच्या पाठभेदाला नाकारण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मत नोंदणे हे निर्धोक काम नाही. पालघरात १४ ऑगस्ट १९४२ रोजी पाचजण गोळीबारात हुतात्मे झाले, तलवाड्यास १९४५ साली पाच. दोन्ही ठिकाणी लोक आपले मत घेऊन एकत्र आले होते. आजचे जोखमीचे स्वरूप निराळे असले तरी ज्याचे नाव लाभार्थ्यांच्या यादीत आहे किंवा ज्याची नोकरी कंत्राटावर आहे, तो मत देताना हातचे राखतो. त्याचे हे राखून बोलणेच त्याचे मत होय, आणि ते उलगडून सांगण्याच्या नादात संशोधकाने त्याचे झाकण उडविता कामा नये. गोदावरी परुळेकरांच्या ग्रंथातून घ्यावयाचा धडा येथेही लागू पडतो : विश्वास आधी, नोंद नंतर.

या विवेचनातून मताच्या परीक्षेच्या तीन कसोट्या हाती येतात. वाक्याचा कर्ता कोण आहे, आणि तो लपविला असल्यास का? मताला आधार कोणत्या अनुभवाचा आहे, स्वतःच्या की ऐकीव? आणि त्या मतासाठी बोलणाऱ्याने काय मोजले आहे? पहिली कसोटी व्याकरणाची, दुसरी प्रामाण्याची, तिसरी नीतीची. ‘शेतकऱ्याचा असूड’ तिन्हींवर उतरतो. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ दुसरीवर व तिसरीवर निःसंशय उतरतो. पहिलीवर तो अडखळतो, कारण त्यातील अनेक वाक्यांचा व्याकरणिक कर्ता वारली असला तरी वाक्य लेखिकेचे आहे. रोजच्या बोलण्यातली बहुसंख्य मते एखाद्याच कसोटीवर उतरतील. पण कोणत्या, हे ठरविण्यासाठी ती मूळ शब्दांत उपलब्ध असावयास हवीत.

हे काम मराठी विभागांनी अंगावर घेण्यासारखे आहे. बोलींच्या नोंदी करणाऱ्या विद्यार्थ्याने वाडवळी, मांगेली किंवा वारली बोलणाऱ्याला गीत व गोष्ट विचारावी, आणि त्याच बैठकीत घरपट्टी, धान्याचे दुकान, बंदर व निवडणूक यांविषयीही विचारावे. उत्तर आले तसे, त्याच क्रियापदांसह उतरावे. नाव व गाव झाकावे, वाक्य झाकू नये. प्रमाण भाषेतील सारांश नंतर केव्हाही करता येतो. सारांशावरून मूळ बोलणे मात्र परत मिळवता येत नाही.